तिसरं पाणी

मॅडम : दार लावून घ्या मामा.

मामा : कशाला? उकाडा काय कमी आहे का इथे?

मॅडम : लावा म्हटलं ना. मशीनच्या धडधडीत मला ओरडून बोलायचं नाही, आणि हे ओरडून बोलण्यासारखंही नाही.

मामा : हे घे, लावलं. दार बंद म्हणजे आता तुला मॅडम म्हणायला नको ना?

मॅडम : आज म्हटलंत तरी चालेल.

मामा : अरे बापरे. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

मॅडम : सोमवारपासून सकाळच्या पाळीत तिसरं पाणी कोण देत नाहीये?

मामा : कसलं तिसरं पाणी?

मॅडम : मामा, पंधरा वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलच्या ह्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला आले. पहिल्याच दिवशी तुम्ही मला मशीनसमोर उभं केलंत. आठवतं का, काय म्हणालात? पहिलं पाणी साबण काढतं, दुसरं चिकटपणा काढतं, आणि तिसरं पेशंटचं. पहिली दोन आपली, तिसरं त्याचं. हे मला पाठ आहे हो. आणि आज तुम्ही मलाच विचारता, कसलं तिसरं पाणी?

मामा : अगं, तो नवीन साबण बघ ना आधी. कुठून आणलाय कोण जाणे. फेस जाता जात नाही. मी त्या दिवशीच म्हटलं होतं, ह्या साबणाचं काही खरं नाही.

मॅडम : दुपारच्या पाळीलाही तोच साबण आहे. त्यांच्या कपड्यांची एक तक्रार नाही.

मामा : मग मशीन असेल. तीन नंबरचं मशीन म्हातारं झालंय, माझ्यासारखं. कधी पाणी घेतं, कधी विसरतं.

मॅडम : तीन नंबर कालच दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं. ठणठणीत आहे. तुम्हीच उभे होतात शेजारी, त्याला पाने देत.

मामा : मग काय बाई, माझ्यावर खटला भरणार आहेस का?

मॅडम : आज सकाळी वरून फोन आला. बाळांच्या वॉर्डातून. सात बाळांच्या अंगावर लाल पुरळ उठलंय. पाठीला, मांड्यांना, मानेला. जिथे जिथे दुपटं लागतं तिथे.

मामा : बाळांच्या?

मॅडम : हो.

मामा : बाळांच्या दुपट्यांचा काय संबंध? ती तर मी...

मॅडम : ती तर तुम्ही काय?

मामा : काही नाही.

मॅडम : मामा, बोला.

मामा : काही नाही म्हटलं ना. सात? सातही जणांना?

मॅडम : सात. आणि हा बघा माझ्याकडे कागद आहे. सोमवारी तुमच्या पाळीत मशीनच्या चौदा खेपा निघाल्या. एका खेपेला तीन पाणी दिलं, तर पाण्याचा मीटर कुठे जायला हवा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दारातल्या फळ्यावर पाण्याचा जो आकडा आहे ना, त्यात तीन पाणी बसतच नाहीत. ओढूनताणून बसवली तरी दोन बसतात.

मामा : कधी काढलास हा हिशेब?

मॅडम : त्याचं काय एवढं?

मामा : नाही, सहज विचारलं. कधी काढलास?

मॅडम : विषय बदलू नका.

मामा : विषय मी नाही, तू बदललास. महिन्याभरापूर्वी ही खोली कशी होती? शांत. मग तू कुठल्याशा शिबिराला जाऊन आलीस आणि भिंतीभर हिरव्या पानांचे कागद लावलेस. पाणी वाचवा, वीज वाचवा, कागद वाचवा. कागद वाचवा हे सांगायला चाळीस कागद! संडासाच्या दाराला आतूनसुद्धा एक. माणूस तिथे तरी निवांत बसू नये?

मॅडम : चाळीस नव्हते.

मामा : मी मोजले. आणि कागद वाचत तुझ्या केबिनमध्ये यावं, तर एसी चालू आणि खिडकी सताड उघडी.

मॅडम : सिगारेटचा वास येतो इथे. माझ्या आधीच्या साहेबांचा.

मामा : त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मॅडम : वास गेला नाहीये. आणि मामा, हसण्यावारी नेऊ नका. फळा मी का लावला ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीत दिवसाला पाऊण तास पाणी येतं. माझी आई ह्या वयात कॅन घेऊन खाली रांगेत उभी राहते. आणि इथे एका सकाळी आपण जेवढं गटारात सोडतो तेवढं आमच्या अख्ख्या गल्लीला आठवडाभर पुरेल. मला ते रोज खुपतं. म्हणून म्हटलं, दोन्ही पाळ्यांचा रोजचा आकडा दारात लिहायचा. आठवड्याला ज्या पाळीचं पाणी कमी, त्यांनी सुट्टीचा वार आधी निवडायचा. ह्यात माझं काय चुकलं?

मामा : चुकलं कोण म्हणतंय?

मॅडम : मग सांगा ना, कोण देत नाहीये तिसरं पाणी?

सिस्टर : आत येऊ का? दार वाजवलं दोनदा. मशीनपुढे ऐकू जात नाही वाटतं.

मॅडम : या सिस्टर, या. मामा, ह्या वरच्या बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टर. सकाळी ह्यांनीच फोन केला होता. सिस्टर, हे आमचे मामा. सकाळची पाळी हेच बघतात, आज थांबवून घेतलंय.

सिस्टर : बरं झालं, दोघं एकत्र सापडलात. हे गाठोडं ठेवते टेबलावर. तुमच्याकडून धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून आलेली दुपटी. एकही वापरलेलं नाही ह्यातलं. लावा हात.

मॅडम : मऊ आहेत की.

सिस्टर : कोरड्यावर कळत नाही. मी एक कोमट पाण्यात बुडवलं आणि चुरगळलं. काय झालं असेल? फेस! धुतलेल्या दुपट्याला फेस आला हो! हे बघा ओलं. धरा ना मामा, मागे काय सरकता?

मामा : द्या. ...बोटं सरकतायत. साबण आहे.

सिस्टर : आहेच. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, कपडे बदला, मलम लावा, चार दिवसांत जाईल. जाईल हो. पण दहा दिवसांचं पोर ते. त्याला चार दिवस म्हणजे अर्धं आयुष्य झालं.

मॅडम : सगळी दुपटी परत मागवलीत आम्ही. पैलवान पाळी संपली तरी थांबून बाहेर तेच धुतोय. दोन तासांत ताजी येतील वर.

सिस्टर : पैलवान कोण?

मॅडम : लहान मशीन चालवतो तो. बाहेर मशीनपाशी उभा असलेला, ह्या एवढ्या खांद्यांचा. बाळांचे कपडे त्याच्याकडे असतात.

सिस्टर : बरं. दुपटी येऊ देत. पण मी त्यासाठी जिना उतरून आले नाही. मला कारण पाहिजे.

मॅडम : कारण?

सिस्टर : कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई आहे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर हे पहिलं मूल. मंगळवारी संध्याकाळी पोराची पाठ लाल झाली, तेव्हापासून तिने डोळ्याला डोळा लावलेला नाही. तिला वाटतंय, तिच्या हातामुळे झालं.

मामा : हातामुळे कसं होईल?

सिस्टर : ती कारखान्यात काम करत होती, कुठलंसं रंगाचं काम. तिला वाटतं ते तिच्या कातडीतच मुरलंय. तीनतीनदा हात धुते. आता तर हाताला रुमाल गुंडाळते आणि मगच बाळाला उचलते. स्वतःच्या बाळाला! मी सांगितलं, बाई गं, तुझ्या हातात काही नाही. तर म्हणते, मग कशाने झालं ते सांगा. आणि ते मला सांगता येत नाही. मी गप्प बसले की तिला वाटतं, मी लपवतेय. पहाटे बघितलं तर बाळ पाळण्यात रडतंय आणि ही शेजारी हात मागे बांधून उभी. असं कुणी उभं राहिलेलं मी नोकरीत बघितलं नव्हतं.

मॅडम : बसा ना सिस्टर.

सिस्टर : बसायला वेळ नाही. मला फक्त सांगा कशाने झालं. चार शब्दांत. मी तिला जाऊन सांगते.

मामा : माझ्यामुळे झालं.

मॅडम : मामा...

मामा : थांबा मॅडम. सिस्टर, कारण मी आहे. कपड्यांना साबणाच्या धुण्यानंतर तीन वेळा नुसतं पाणी द्यायचं असतं. सोमवारपासून मी दोनच देतोय.

सिस्टर : का?

मामा : पाणी वाचवायला.

सिस्टर : पाणी वाचवायला? अहो, पाणी वाचवायचं म्हणून पोरांना साबणात गुंडाळायचं?

मामा : दुपटी नाही. म्हणजे, मी दुपट्यांना हात लावला नव्हता. मी फक्त मोठ्या वॉर्डांच्या चादरींना... आता मी हे सांगतोय ते सुटायला सांगत नाही. झालं कसं ते सांगतो. मॅडमनी दारात फळा लावला. पहिले दोन आठवडे आम्ही जिंकलो, आणि शप्पथ सांगतो, ते खरं जिंकलो. मशीन अर्धं भरून चालवायचं बंद केलं. तिसरं पाणी तर जवळजवळ स्वच्छच असतं, ते गटारात कशाला सोडायचं? अडगळीत एक जुनी टाकी पडली होती. मी आणि पैलवानाने ती घासली, पाइप जोडला. तिसरं पाणी टाकीत, आणि तेच पुढच्या खेपेला सुरुवातीला. केवढं पाणी वाचलं! मॅडमनी फळ्यावर वर माझं नाव लिहिलं. रंगीत खडूने.

सिस्टर : आणि त्या नावासाठी हे सगळं?

मामा : तुम्ही हसाल.

सिस्टर : मला आज हसू येत नाहीये.

मामा : एकतीस वर्षं झाली मला इथे. ह्या एवढ्या मोठ्या इमारतीत माझं नाव दोनच ठिकाणी होतं. एक हजेरीच्या वहीत आणि एक माझ्या डब्याच्या झाकणावर. वर डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या, देणगी देणाऱ्यांच्या पाट्या. त्याचं वाईट वाटून घेत बसलो असं नाही. पण फळ्यावर नाव आलं आणि काय झालं कोण जाणे. दात दाखवायच्या निमित्ताने बायकोला इथे घेऊन आलो आणि मुद्दाम ह्या दाराने आत आणली. ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, अक्षर कोणाचं आहे हो? छान आहे.

मॅडम : मला नाही सांगितलंत कधी.

मामा : सांगण्यासारखं काय आहे त्यात? मग दुपारच्या पाळीने आमची टाकी बघितली आणि तश्शीच टाकी केली. करणारच, चांगलंच आहे. तिसऱ्या आठवड्यात आम्ही अगदी थोडक्यात जिंकलो. चौथ्या आठवड्यात दिसायला लागलं, ह्या वेळी नाव उतरणार. मशीनसमोर उभा होतो. दुसरं पाणी निघून गेलं. चादरीला हात लावला, बरी वाटली. मनात म्हटलं, मोठी माणसं झोपणार, अंगात कपडे असणार, काय होतंय एका पाण्याने? आणि मशीन थांबवायचा खटका ओढला. एवढंच. तेव्हा काही मोठं घडलं नाही, कोणी ओरडलं नाही.

सिस्टर : आणि दुपटी?

मामा : पैलवान माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने बघितलं. मामांनी दोन पाण्यांवर खटका ओढला, म्हणजे नवा नियम आला असेल. त्यानेही ओढला.

सिस्टर : विचारलं नाही त्याने?

मामा : कशाला विचारेल सिस्टर? आठ वर्षांत मी त्याला कधी चुकीचं दाखवलं नव्हतं. तो माझं बघूनच शिकलाय सगळं. मला मॅडमनी आत्ता सांगेपर्यंत माहीतच नव्हतं, की दुपट्यांनाही...

सिस्टर : मामा, मी तुम्हाला चार शब्द ऐकवणार होते. जिना उतरताना तयारी करून आले होते. आता कुठून सुरू करू कळत नाही.

मामा : ऐकवा. मला बरं वाटेल.

मॅडम : सिस्टर, तुम्हाला कारण मिळालं. पण चार वाजता मोठ्या साहेबांनाही एक नाव हवंय.

सिस्टर : नाव कशाला?

मॅडम : उद्या सकाळी कार्यक्रम आहे. आमची ही फळ्याची योजना सगळ्या विभागांत लावणार आहेत. बाहेरून पाहुणे येणार, मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. साहेब म्हणाले, पुरळ ज्याच्या हलगर्जीपणामुळे झालं त्याचं नाव द्या, आजच्या आज त्याला कामावरून कमी करू, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर उत्तर तयार.

मामा : मग लिहा माझं. त्यात विचार काय करायचा?

मॅडम : तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.

मामा : मला माहीत आहे किती राहिलेत. पैलवानाचं नाव तेवढं येऊ देऊ नका. दोन लहान पोरं आहेत त्याला, आणि चूक त्याची नाहीच.

मॅडम : चौदा महिने राहिलेल्या माणसाला मी घालवू? ज्याने मला घडी घालायला शिकवली त्याला?

मामा : शिकवलं म्हणून माफ, असं असतं का कुठे? अगं, तूच जर असं केलंस, तर बाहेरचे सगळे काय शिकतील? ...माफ करा मॅडम, अगं म्हटलं.

सिस्टर : म्हणा हो. मी ऐकलं नाही.

मामा : बरं, मग मघाचं विचारतो. तो हिशेब तू कधी काढलास?

मॅडम : मामा, नको ना.

मामा : चौदा खेपा, तीन पाणी, मीटरचा आकडा. तुला तोंडी येतो तो गुणाकार. मीच शिकवलाय. कधी काढलास?

मॅडम : सोमवारी.

मामा : सोमवारी कधी?

मॅडम : फळ्यावर आकडा लिहिताना. खडू हातात होता. लिहिता लिहिता मनातल्या मनात गुणाकार झाला. बसेना. परत केला. तरी बसेना.

सिस्टर : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

मॅडम : विचारलं असतं तर माहीत झालं असतं. म्हणून मी विचारलं नाही.

सिस्टर : अरे देवा.

मॅडम : मला म्हणावंसं वाटलं, मामा आहेत, काहीतरी युक्ती काढली असेल. आकडा इतका सुंदर दिसत होता हो! मी त्याचा फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. त्यांनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला. मी खूश होऊन घरी गेले. आईला सांगितलं, बघ आई, आज आम्ही किती पाणी वाचवलं. सोमवारी तिथल्या तिथे मी दार उघडून फक्त एक प्रश्न विचारला असता, तर दुपटी वर गेलीच नसती. मंगळवारी सकाळी गेली ती.

मामा : तू घाबरलीस?

मॅडम : घाबरले नाही. लोभ सुटला. तुम्हाला नावाचा सुटला, तसा मला आकड्याचा.

सिस्टर : चार वाजायला दहा मिनिटं आहेत. मी मधे बोलत नाही, पण तुम्ही जे काय करणार असाल ते लवकर करा. वर ती बाई उभी आहे.

मॅडम : फोन लावते. ...साहेब, लॉन्ड्रीतून बोलतेय. हो, कारण कळलं. एक पाणी कमी दिलं गेलं, सोमवारपासून. हो, नाव आहे, लिहून घ्या. माझं.

मामा : अगं, काय करतेस!

मॅडम : नाही साहेब, मस्करी नाही करत. स्पर्धा मी लावली. कमी पाण्याला बक्षीस ठेवलं, पण किती कमी चालेल ते कुठेच लिहिलं नाही. आकडा चुकीचा आहे हे मला सोमवारी दिसलं होतं, आणि मी तोच तुम्हाला पाठवला. ...हो, मला कळतंय उद्या काय आहे ते. ...नाही साहेब, कामगाराचा हलगर्जीपणा असं नाही लिहिणार मी. ते खोटं होईल.

मामा : द्या इकडे. द्या म्हटलं ना फोन! साहेब, नमस्कार. मी मामा बोलतोय. ...नाही नाही, तुमचे मामा नाही, लॉन्ड्रीतला. सकाळच्या पाळीचा. खटका मी ओढला साहेब. मॅडमनी नाही ओढला. त्या तेव्हा इथे नव्हत्याही. माझ्याच्याने राहवलं नाही म्हणून ओढला, आणि माझं बघून दुसऱ्याने ओढला, तेही माझ्याकडेच लावा. ...हो. ...हो साहेब. देतो त्यांना.

मॅडम : बोला साहेब. ...दोघांनाही? बरं. ...नाही, तक्रार नाही, बरोबरच आहे. ...एक सांगू का? योजना बंद नका करू. पाणी वाचवायचंच आहे. पण उद्या बाकीच्या विभागांना हा फळा देऊ नका, त्यांच्याकडेही असेच गुणाकार चुकतील. एका खेपेला तीन पाणी, हे ठरलेलं. त्याच्या खाली आकडा गेला तर शाबासकी नाही, चौकशी. ...आणि साहेब, आमच्या मुख्य पाइपवरचा व्हॉल्व दोन वर्षं गळतोय. मामांनी चार वेळा लिहून दिलंय. चारही कागद माझ्या खणात आहेत, मी आत्ता बघतेय त्यांच्याकडे. आम्ही पोरांच्या दुपट्यातून जेवढं वाचवलं, त्याच्या कितीतरी पट तिथून रोज जातंय. तो बदलून द्या, मला दुसरं काही नको. ...कार्यक्रमाला? नाही, मी नाही येत. उद्या सहाला मी खाली मशीनवर असेन. महिनाभर. ...हो, ठेवते.

सिस्टर : काय म्हणाले?

मॅडम : दोघांना लेखी ताकीद. माझी पुढची बढती थांबली. मामांची पाळीची जबाबदारी काढली, उद्यापासून साधे मशीनवाले. पण नोकरी राहिली.

मामा : एकतीस वर्षांत पहिलं पत्र. तेही तुझ्या जोडीने.

मॅडम : आवाज चढवला त्यांनी, पण शेवटी विचारलं, कुठला व्हॉल्व.

सिस्टर : चला मामा.

मामा : कुठे?

सिस्टर : वर. मी चार शब्द सांगणार होते तिला, पण ते माझे शब्द नाहीत. तुमचे आहेत.

मामा : मी काय सांगू तिला सिस्टर? मला नाही जमायचं. आणि ह्या शर्टात? थांबा, निदान हात धुतो, शर्ट बदलतो.

सिस्टर : असेच चला. मला जे सांगितलंत तेच सांगा. फळा, नाव, सगळं. ती चिडली तर चिडू दे.

मामा : चिडली तर बरंच होईल. मॅडम... तू येतेस?

मॅडम : मी तुमच्या मागून येईन, माझं माझं सांगायला. आधी तुम्ही जा. पैलवानाच्या मशीनसमोरून जा, लपून नका जाऊ.

[पाऊण तासाने. तीच खोली, दार उघडं. खिडकी लावलेली, एसी बंद.]

मॅडम : आलात? बसा आधी. पाणी देऊ?

मामा : दे. जिने चढायची सवय राहिली नाही गं. छाती भरून आली.

मॅडम : भेटली?

मामा : भेटली. सिस्टर म्हणाल्या तशीच होती. पोर पाळण्यात आणि ही हाताला रुमाल बांधून उभी. केवढीशी आहे ती! मला वाटलं होतं मोठी बाई असेल.

मॅडम : मग काय सांगितलंत?

मामा : ठरवून गेलो होतो बरंच. टाकी, पाइप, खटका. तिला बघितलं आणि सगळं विसरलो. म्हटलं, बाई, खाली धुणं मी धुतो. कपड्यात साबण राहिला, माझ्यामुळे. तुझ्या हातामुळे नाही.

मॅडम : चिडली?

मामा : नाही. स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, नक्की ना? म्हटलं, नक्की. परत म्हणाली, मामा, नक्की ना? तिने मला मामा कसं म्हटलं कोण जाणे, सिस्टरनी सांगितलं असेल. मी म्हटलं, अगं मीच केलंय, मला माहीत नसेल का? तर रुमाल सोडायला लागली. गाठ इतकी आवळलेली, की तिला सुटेना. मी सोडली.

मॅडम : आणि?

मामा : आणि काय. उचललं तिने पोराला. उघड्या हाताने. मी बाहेर आलो, जिन्यात थोडा वेळ बसलो.

मॅडम : रडलात?

मामा : घाम आला होता. जिने आहेत ते.

मॅडम : मी जाते आता वर. माझं राहिलंय.

मामा : उद्या जा. आज नको. ...पैलवान कुठे दिसत नाही? मशीन तर चालू आहे त्याचं.

मॅडम : दुपटी धुऊन झाली त्याची, आता दुसरी खेप लावलीय. तिसरं पाणी दिलं, आणि मग चौथंही दिलं. मी म्हटलं, अरे चौथं कशाला? तर दुपटं चोळून फेस येतो का ते बघायला लागला. तुम्ही सिस्टरबरोबर वर का गेलात ते विचारलं त्याने. मी सांगितलं.

मामा : मग?

मॅडम : मग हात पुसले आणि गेला तोही. म्हणाला, मामा गेले ना, मग मीपण जातो. आत्ताच, तुम्ही आलात त्याच्या दोन मिनिटं आधी. लिफ्टने गेला असेल, म्हणून चुकामूक झाली.

मामा : अगं, थांबव त्याला! सिस्टरना फोन लाव. त्याला म्हणावं, दारातच उभा राहा, आत जाऊ नको, आणि त्या तुझ्या बुटांचा आवाज करू नको. मी उतरताना दारातून बघून आलोय, पोराला कुशीत घेऊन आत्ता कुठे झोपलीय ती.